उतू गेलेलं दूध आणि दोन लाख

अक्षय तृतीयेनंतरच्या सोमवारी सकाळी मोहाडीच्या घराच्या मालकांनी फोन करून सांगितलं, की घराची किंमत दोन लाखांनी वाढली आहे. किंमत होळीच्या आधी ठरली होती. इसार दिला होता. इसारपत्रावर त्यांची सही होती, माझी होती, दोन साक्षीदारांची होती. आणि अक्षय तृतीयेला माझ्या आईने त्या घरात दूध उतू घातलं होतं.

फोन जसा झाला तसा देते.

“म्याडम, भाव वाढून राह्यले.”

“कशाचे, काका?”

“घराचे.”

“कोणत्या घराचे?”

“आपल्याच.”

“आपलं ठरलं आहे.”

“ठरलं होतं नं जी. मी कुठी नाही म्हनतो? पन तेव्हाचं तेव्हा ठरलं. आता आताचं ठरवा लागन.”

“किती?”

“दोन.”

“दोन काय?”

“दोन लाख जी. दोन हजारासाठी मी तुमाले सकाळी-सकाळी फोन करीन का?”

मग त्यांनी आईच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

आम्ही तेव्हा तुमसरला भाड्याने राहत होतो, दुसऱ्या मजल्यावर. जिना अरुंद, मध्ये वळण, कठडा एकाच बाजूला. आईचे दोन्ही गुडघे गेले होते. डॉक्टरांनी सांगितलेलं ऑपरेशन ती दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलत होती. त्या हिवाळ्यात ती जिना उतरली ती फक्त दवाखान्यात जायला किंवा घर पाहायला. भाजीवाला आला की ती गॅलरीतून दोरीला पिशवी बांधून खाली सोडायची आणि वरूनच भाव करायची. दोन मजले उंचीवरून केलेला भाव पूर्ण गल्लीला ऐकू जायचा. राइस मिलचा कोंडा वाऱ्याने उडून गॅलरीत बसायचा, ती तो झाडायची, तो पुन्हा बसायचा. तिला जमिनीवरचं घर हवं होतं. अट एकच: रस्त्यापासून दारापर्यंत एक पायरी, फार तर दोन.

मोहाडीचं घर विणकरांच्या जुन्या गल्लीत आहे. पुढे रस्त्याला लागून उघडी छपरी, तिच्यामागे एकीला लागून एक अशा तीन खोल्या, शेवटची स्वयंपाकाची. मागे अंगण आणि विहीर, विहिरीवर मोटार. रस्त्यापासून छपरीत चढायला एक पायरी. घर पाहायला गेलो तेव्हा आईने आत जाण्याआधी ती पायरी चढून पाहिली, उतरून पाहिली, परत चढली, आणि म्हणाली, “बस. आता आत काई बी असू दे.” मालक शेजारीच उभे होते. वाक्य त्यांनी ऐकलं.

मालक साठीच्या अलीकडचे. त्यांच्या वडिलांपर्यंत घरात माग चालायचा. ते स्वतः कापड विकतात, आठवडी बाजारात बसतात. मुलगा नोकरीला बाहेरगावी. भंडाऱ्याला एका नव्या इमारतीत त्यांनी फ्लॅट घेतला होता, त्याचा ताबा मिळायचा होता, आणि मोहाडीच्या घराचे पैसे त्या फ्लॅटला जायचे होते. हे सगळं त्यांनीच सांगितलं. घर कागदावर अजून त्यांच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर होतं. ते त्यांच्या नावावर चढलं की रजिस्ट्री आणि त्याच दिवशी ताबा, असं इसारपत्रात लिहिलं होतं. नाव चढायला अख्खा उन्हाळा लागेल, हे दलालांनी पहिल्याच बैठकीत सांगून ठेवलं होतं.

आईने यावर कॅलेंडर काढलं. उन्हाळा गेला की आषाढ. आषाढी झाली की चार महिने मुहूर्त नाही. म्हणजे गृहप्रवेश थेट दिवाळीनंतर. तिने अक्षय तृतीयेवर बोट ठेवलं.

“रजिस्ट्री झाल्याशिवाय घर आपलं नाही, आई.”

“म्हून त फक्त दूध उतू घालू म्हनते. राहाले जाऊ म्हनते का? कागद होत राह्यतीन. मुहूर्त कोनासाठी थांबते?”

दलाल म्हणाले, काय फरक पडते जी. मालक म्हणाले, आमचं काय जाते. मी हरकत घेतली नाही.

मालकीणबाईंनी मात्र ही गोष्ट सगळ्यांपेक्षा जास्त मनावर घेतली. आदल्या दिवशी त्यांनी स्वयंपाकाची खोली रिकामी केली. ओटा धुतला. आपले देव कोनाड्यातून काढून छपरीत एक फळी ठोकून तिच्यावर मांडले, आणि गॅसही छपरीत नेला. आईने एवढं कशाला म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “मावशी, तुमचे देव येऊन राह्यले. दोघींचे देव एका कोनाड्यात भांडतीन.”

शेगडी आम्ही तुमसरहून नेली होती, दूध तापवायचा गंजही. दूध उतू गेलं. पूर्वेकडून गेलं, असं आई म्हणाली. मला ते सगळीकडून जाताना दिसलं. उरलेल्या दुधात शेवया शिजवल्या. मालकांनी दोन वाट्या खाल्ल्या.

त्यानंतरचा सोमवार वर आला आहे.

दलालांना मी त्याच दिवशी गाठलं. ते तहसील कचेरीसमोरच्या चहाच्या टपरीवर बसतात. तेच त्यांचं कार्यालय.

“भाऊ, इसारपत्र तुमच्यासमोर झालं.”

“झालं नं.”

“मग?”

“मंग काय जी. त्याले आता मालूम आहे, तुमी कुठी जात नाही.”

“कसं मालूम?”

“दूध कोनं उतू घातलं? मी?” त्यांनी बशीत चहा ओतला. “हयद लागल्यावर हुंडा वाढवून मांगनारे पाह्यले नाही का तुमी? पेपरात त तुमीच छापता. तसंच हे.”

“तुम्हीच म्हणालात ना, काय फरक पडते.”

“मी त अडानी मानूस. तुमी शिकलेल्या. तुमी काहून नाही बोलल्या?”

त्यांचा तोडगा तयार होता. एक लाख द्यावा; अर्धं आमचं राहील, अर्धं मालकाचं, आणि दोघांचाही मान राहील. दलालांची दलाली किमतीच्या टक्क्यावर होती, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, त्यात त्यांचा काही हात नाही. किंमत वाढली की टक्का आपोआप वाढतो. चहाचे पैसे मी दिले.

पुढे वैशाखभर त्या दोन लाखांची कारणं येत राहिली. आली त्या क्रमाने नोंदवते.

पहिलं कारण, गावाबाहेरून नवा रस्ता जाणार आहे. बातमीदारीच्या कामात ज्यांना विचारायची सवय आहे त्या सगळ्यांना मी विचारलं. असा प्रस्ताव कोणाच्या ऐकिवात नव्हता. तसं मालकांना कळवलं.

“प्रस्ताव नसन. पन चर्चा आहे.”

“कुठे आहे चर्चा?”

“ही आपली चालूच आहे नं.”

दुसरं कारण, मागच्या गल्लीतलं तसलंच घर दीडपट भावाने विकलं गेलं. मी ते घर शोधून काढलं. घरमालक खाटेवर पडून होते. त्यांनी घर विकलेलं नव्हतं, विकायचा विचारही नव्हता. दीडपट भाव कोण देतो आहे, त्याचा नंबर मात्र त्यांनी माझ्याकडे मागितला.

तिसरं कारण, मालकांचे साळे त्यांना म्हणाले, की घर मातीमोल विकलं. हे खरं असू शकेल. साळ्याचं मत दोन लाखांचं का, याचा खुलासा झाला नाही.

चौथ्या कारणासाठी मालकांनी मला पुन्हा फोन केला. “म्याडम, आपन घराचं बोललो. इहिरीचं कुठी बोललो?” विहीर ते कुठे नेणार आहेत, असं मी विचारलं. फोन तिथेच संपला.

एका वकिलांना इसारपत्र दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. दावा लावता येतो, म्हणाले, आणि कागद चांगला आहे, बहुधा जिंकालही. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, आईचं वय काय.

या सगळ्या काळात आईची सूचना एकच होती आणि ती रोज मिळत होती.

“एक रुपया जास्ती देजो नको. आन् घर सोडजो नको.”

“दोन्ही एकदम कसं होईल?”

“ते तू पाय. पेपरात तू आहेस, मी नाही.”

तुमसरमध्येच तळमजल्यावरचं एक घर मिळत होतं. पायरी मुळातच नव्हती. मी तिला कसंबसं खाली आणून ऑटोत बसवलं आणि दाखवायला नेलं. ती ऑटोतून उतरली नाही. खिडकी चांगली आहे, म्हणाली, रंगही चांगला आहे. “पन दूध एकाच घरी उतू जाते, बाई. गावोगावी नाही.” ऑटोवाल्याने मान डोलावली. त्याला प्रकरण काय ते ठाऊक नव्हतं.

फोनवर काही होत नाही असं दिसल्यावर, वैशाख संपता संपता, न कळवता मोहाडीला जायचं ठरलं. आई मी येते म्हणाली. जिना तिने बसत बसत उतरला.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार व्हायची होती. मालकीणबाई छपरीत बसून भाजी फोडणीला टाकत होत्या. गॅस जमिनीवर होता. वाऱ्याच्या बाजूला तेलाचा डबा कापून काढलेला पत्रा उभा केला होता, तरी ज्योत हलत होती. आमच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. रस्त्यावरून जाणारा एक सायकलवाला पाय टेकून थांबला.

“काय वयनी, आज बी वांगेच?”

“तुह्या घरी काय शिजलं ते सांग पहिले.”

“आमच्या घरचं बाहेरून दिसत नाही नं,” तो म्हणाला आणि पायडल मारून गेला.

आई पायरीवर बसली. तिला वाटलं तेच मलाही वाटलं होतं, की आत उकडतं म्हणून या बाहेर आल्या असाव्यात.

“बाहेर काहून रांधून राह्यली वो? आत लय गरम होते का?”

“गरम कायचं, मावशी. आत तुमचं दूध उतू गेलं. त्या ओट्यावर मी कशी रांधू?”

“अवो, तवापासून बाहेरच?”

“तवापासून.”

“येडी का काय. जा, आत रांध. मी म्हनते नं.”

“तुमी म्हनून काय होते? घर तुमचं झालं कुठी? झालं असतं त तुमच्या शब्दावर आत गेली असती, पाहुनी म्हून. आता ते तुमचं बी नाही आन् माझं बी नाही. माझे देव पाहा, फळीवर बसून आहेत, एसटीची वाट पाह्यल्यासारखे.”

फळीवर देव होते. त्यांच्यावर रस्त्याची धूळ बसू नये म्हणून पातळ फडकं घातलं होतं.

आवाज ऐकून मालक बनियनवर बाहेर आले. मला पाहून परत आत गेले आणि शर्ट घालून आले. किमतीचं ते बोलले नाहीत. ते आईशी बोलले.

“तुमीच तिले समजावा मावशी. माझं काई ऐकत नाही. सारी गल्ली माझं ताट पाहून राह्यली. मी काय खाल्लं, किती खाल्लं, भाजीत मीठ कमी होतं का, अख्ख्या मोहाडीले मालूम. बाजारात गिऱ्हाईक कापड पाहाच्या आधी इचारते, काहो, आज बी छपरीतच का.”

“त आत जेवा,” मालकीणबाई म्हणाल्या. “रांधाले मनाई आहे, जेवाले कोनं अडवलं?”

“आत जेवलो त म्हनते, दुसऱ्याच्या घरात उष्टं सांडू नका.”

“मंग सांडता काहून?”

आईला हसू आलं. मालकांना आलं नाही. मलाही नाही, मी दोन लाखांसाठी आले होते. मी इसारपत्राची प्रत पिशवीतून काढली. मालकीणबाईंनी हात आडवा केला.

“ते ठेवा बाई. कागद मले वाचता येते, आन् त्यात काय आहे ते बी मालूम आहे.” मग त्या नवऱ्याकडे वळल्या. “अजी, घर इकलं म्हून त्याहीनं दूध उतू घातलं. तुमी समोर बसून दोन वाट्या शेवया खाल्ल्या. आता भाव वाढवाचा असन त वाढवा. पन पहिले त्याहीचं दूध गंजात वापस भरून द्या.”

फोडणी करपायला लागली तसं त्यांनी झाकण टाकलं.

“भाऊ,” आई म्हणाली, “रस्ता न् साळा न् इहीर ते सोडा. पैसे कायले पाह्यजेत?”

मालक खाली बसले. उत्तर मालकीणबाईंनी दिलं. भंडाऱ्याच्या फ्लॅटवाल्याने ऐनवेळी वाढवून मागितले होते. लिफ्टचे वेगळे, सोसायटीचे वेगळे, खाली गाडी ठेवायच्या जागेचे वेगळे.

“याहीच्यापाशी गाडी नाही,” त्या म्हणाल्या. “सायकल आहे.”

“एकूण किती?” मी विचारलं.

“दोन,” मालक म्हणाले.

“पण तुमची किंमत ठरली असेल ना त्यांच्याशी?”

“ठरली होती नं जी.”

“कागद होता?”

“होता.”

“मग?”

“त्याले मालूम आहे, आमी कुठी जात नाही. मोहाडीचं घर इकलं, हे त्याले मीच सांगतलं. पेढे घेऊन गेलतो.”

वाढीव दोन लाखांच्या या कारणाला नंतर दलालांनीही दुजोरा दिला. त्यांना ते अक्षय तृतीयेपासून माहीत होतं. कोणी विचारलं नाही, म्हणाले.

फ्लॅटचा ताबा आता दसऱ्याच्या आधी मिळत नव्हता, हेही त्या दिवशी छपरीत कळलं. म्हणजे इसारपत्राप्रमाणे रजिस्ट्री झाली, की त्याच दिवशी मालकांना मोहाडीचं घर सोडावं लागणार आणि दसऱ्यापर्यंत भाड्याने कुठे तरी राहावं लागणार. कापडाचे गठ्ठे, दोघांचा संसार आणि फळीवरचे देव घेऊन. इकडे आम्ही पैसे घेऊन उभे आणि तिकडे ते घर घेऊन बसलेले, आणि दोघांच्याही वरती तिसराच कोणीतरी.

मी म्हटलं, “काका, भाव तोच राहील. एक रुपया वाढणार नाही. नाव चढलं की लगेच रजिस्ट्री करू, पैसे त्याच दिवशी पूर्ण. आणि फ्लॅट मिळेपर्यंत तुम्ही इथेच राहा. भाडं नको.”

हे मी आईला विचारलेलं नव्हतं. इथे ते राहिले, तर तुमसरचा जिना आम्हाला आणखी एक पावसाळा. आईने पायरीवर हात ठेवला होता, तो तिथेच राहिला. ती माझ्याकडे पाहत होती.

“दिवाळीच्या पुढं नाही,” ती शेवटी म्हणाली. मला म्हणाली की मालकांना, ते कळलं नाही.

“नाही मावशी,” मालकीणबाई म्हणाल्या. “दिवाळी त तुमीच करसान इथी.”

मालक जमिनीकडे पाहत होते. “दोन नाही त एक त द्या,” ते म्हणाले.

मालकीणबाईंनी गॅस बंद केला. भाजी अजून कच्ची होती.

“मी सांगून ठेवते,” त्या म्हणाल्या. “रजिस्ट्री झाली का घर मावशीचं. मावशी म्हनन त मी पाहुनी म्हून आत रांधीन, पाह्यजे तेवढे दिवस. तोवर छपरीत रांधते. पान्याचे दिवस आले त छत्री धरून रांधीन. तुमाले छत्री धरा लागन.”

मालक म्हणाले, विचार करतो. गॅस पुन्हा पेटला. आम्हाला जेवून जायचा आग्रह झाला, तो मोडता आला नाही. छपरीत चौघं रस्त्याकडे तोंड करून जेवलो. समोरच्या घरातली एक बाई दाराशी येऊन उभी राहिली आणि तिने पाहुणे कुठले ते विचारलं. मालकीणबाई म्हणाल्या, “पाहुनी मी आहे. हे घरवाले आहेत.”

मालकांचा विचार पुढचे काही आठवडे चालला. एक लाखाचे पन्नास हजार झाले. पन्नासाचे पंचवीस झाले. मग त्यांनी शब्द बदलला: वाढीव नको, शगुन म्हणून काहीतरी द्या. प्रत्येक वेळी फोनवर मी तेच सांगितलं, की भाव तोच, भाडं नाही, आणि प्रत्येक वेळी ते म्हणाले, “तुमी त एकच धरून बसल्या जी,” जणू दुसरं काही धरायला मला कोणी दिलं होतं. फोनच्या मागे बहुतेक वेळा रस्त्याचा आवाज असायचा. एकदा कोणीतरी मध्येच ओरडून त्यांना विचारलं, आज काय आहे जेवायला. त्यांनी फोन ठेवला. त्या फोननंतर शगुनाचा विषय बंद झाला.

नाव चढलं. रजिस्ट्रीचा दिवस ठरला. कचेरीत गर्दी होती, लाइट दोनदा गेली, आमचा नंबर लागायला दुपार झाली. बाकावर मालक माझ्या आणि आईच्या मध्ये बसले होते. आमच्या आधीची मंडळी उठून आत गेली तेव्हा ते माझ्या बाजूला झुकले.

“म्याडम.”

“काय?”

“मोटारीचं आपन काई बोललो नाही.”

“कोणत्या मोटारीचं?”

“इहिरीवरची. इहीर घरात धरली, ठीक आहे. मोटार मी मागून बसवली. ते वेगळी होते.”

मी उत्तर देईपर्यंत दलाल छताकडे पाहायला लागले होते. मी उठून उभी राहिले. काय बोलणार होते ते आज सांगता येणार नाही, कारण आईने माझा पदर धरून मला खाली बसवलं.

“भाऊ, मोटार घेऊन जा,” ती म्हणाली. “दोर आहे माह्याजवळ. पक्का आहे. दोन मजले चालते.”

आतून आमचा नंबर पुकारला. मालकांनी सह्या केल्या, अंगठे दिले, कॅमेऱ्याकडे पाहिलं. खरेदीखतावर किंमत होती ती होळीच्या आधी ठरलेली.

कचेरीतून आई थेट घरी गेली. पायरी चढून छपरीत उभी राहिली आणि मालकीणबाईंना म्हणाली, “रांध आता.” मालकीणबाईंनी गॅस उचलला, आत नेला, ओट्यावर ठेवला आणि चहा ठेवला. देव त्यांनी हलवले नाहीत. देव पाहुणे राहत नाहीत, म्हणाल्या. ते छपरीतल्या फळीवरच राहिले.

पावसाळा आम्ही तुमसरलाच काढला. जिना ओला असायचा. आई फक्त दवाखान्यासाठी उतरली, तीही माझ्या खांद्याला धरून. पिशवी दोरीवरून खाली जात राहिली. महिन्यातून एकदा मालकीणबाई मोहाडीहून फोन करून आईला विचारायच्या, कधी ओटा चिरला आहे, कधी कौल फुटलं आहे, नीट करून घेऊ का. आई म्हणायची, घे. पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न मालकांनी काढल्याचं फोनवर मागून ऐकू यायचं. त्यावर मालकीणबाई काय म्हणायच्या, ते ऐकू यायचं नाही.

फ्लॅटची लिफ्ट दसऱ्यापर्यंत बसली नव्हती. दोन लाख दिल्याशिवाय ताबा मिळाला नाही. ते त्यांनी मुलाकडून घेऊन भरले. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात ते गेले. मोटार काढून नेली, तिच्याबरोबर तीन बल्ब आणि दारावरची घंटीही. भिंतीत ठोकलेली फळी तशीच सोडली.

आम्ही दिवाळीच्या आधी राहायला गेलो. मुहूर्त पाहिला नाही. तो झाला आहे, असं आईचं म्हणणं होतं. ती एक पायरी चढली, आत गेली, गंजात दूध तापत ठेवलं. ते वर यायला लागलं तसा तिने गॅस बंद केला.